मिंगेलकाकांचा कॉम्प्रेसर

बाबा मस्कतची नोकरी सोडून घरी राहायला येणार असं कळलं तेव्हा आईचे पाय जमिनीवर ठरेनात, आणि मला, खरं सांगते, थोडं संकटच वाटलं. तोपर्यंत बाबा म्हणजे मधूनमधून येणारे पाहुणे होते. ते यायच्या आधी भिंतींना चुना लागायचा, चांगल्या चादरी पेटीतून बाहेर यायच्या, ते आले की घरभर परदेशी साबणाचा वास सुटायचा, आणि त्या वासाची सवय होते न होते तोच ते परत निघालेले असायचे. मग मी आणि आई पुन्हा आमच्या मूळ पदावर. दोघींचं आमचं फार सुखाचं चाललं होतं. दिवेलागण झाली की जेवून घ्यायचं, कंटाळा आला तर नुसती पेज आणि भाजलेला सुका बांगडा, एकाच ताटात दोघींचे हात, आणि मग अंथरुणात पडून गावभरच्या गप्पा. तिच्या शेजारची जागा माझी होती. आता तिथे एक उंच, घोगऱ्या आवाजाचा माणूस येणार आणि मला अभ्यास विचारणार, या कल्पनेने मी त्यांच्या येण्याच्या आदल्या दिवशी चक्क पोटात दुखतंय म्हणून शाळा बुडवली.

येताना त्यांनी खेळणी, कापडं, अत्तरं काही फारसं आणलं नाही. आणली ती एक जडशीळ लोखंडी पेटी. तिच्यात पाने, तांब्याच्या नळ्या वाकवायची हत्यारं, गॅसचा दाब बघायची दोन घड्याळं, आणि असंच काय काय. मस्कतमध्ये त्यांचा सगळा जन्म एअर कंडिशनर दुरुस्त करण्यात गेला होता. तेच काम मालवणात करून पोट भरायचं असा त्यांचा बेत होता. गावातल्या बऱ्याच जणांनी एसी हा प्रकार फक्त मुंबईच्या नातेवाइकांच्या तोंडून ऐकलेला, त्यामुळे लोक तोंडावर 'बरा, बरा' म्हणत आणि मागे हसत. बाबांनाही ते कळत होतं. म्हणून त्यांनी मागचा दरवाजा उघडा ठेवला होता: मस्कतच्या कंपनीने त्यांची जागा गणेशचतुर्थीपर्यंत राखून ठेवायचं कबूल केलं होतं. तोवर इथे जम बसला तर राहायचं, नाही तर विमान पकडायचं. ही गोष्ट त्यांनी आल्या दिवशीच, चहाची कपबशी हातात असताना, अगदी सहज सांगून टाकली. आईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमका बरा वाटात ता करा." हे तिचं कायमचं वाक्य होतं. दर खेपेला ते निघताना ती हेच म्हणायची.

पहिले काही दिवस मी त्यांच्याशी पाहुण्यांशी बोलावं तशी बोलत होते. पण ज्या माणसाने अंगणात फ्रीज उघडून ठेवलेत त्याच्यापासून लांब राहणं कोणत्याही मुलाला जमणार नाही. आमचं खळं, म्हणजे घरापुढचं अंगण, बघता बघता रुग्णालय झालं. औषधाच्या दुकानातला फ्रीज, आइस्क्रीमवाल्याची पेटी, कुठल्याशा कचेरीतला थंड पाण्याचा पिंप, एकेक येऊन तुळशीच्या शेजारी उभे राहू लागले. रात्रंदिवस घरात एक गुरगुर चालू असायची. आई म्हणे, गोठ्यात म्हशी असत्या तर निदान दूध तरी मिळालं असतं. आमच्याकडे दुधाऐवजी बर्फ मिळायचा. वाडीत कोणाला ताप आला, कोणाकडे पाहुणे आले, की बर्फाला आमच्याकडे वाटी यायची, आणि वाटी रिकामी पाठवू नये या न्यायाने पुढच्या खेपेला तिच्यातून फणसाच्या आठळा, कुळथाची पिठी, कधी तिरफळं घातलेलं बांगड्यांचं तिखलं यायचं. सोलकढी थंडगार प्यायची असते हा शोध आमच्या वाडीला त्या उन्हाळ्यात लागला.

बाबांना बोलायला फक्त दोन विषय होते, मासे आणि कॉम्प्रेसर. मासे ताटात असल्यामुळे त्यावर फार बोलणं होत नसे. उरला कॉम्प्रेसर. एसीच्या पोटातला हा काळा लोखंडी गोळा म्हणजे त्या यंत्राचं काळीज, एवढं मला पहिल्याच आठवड्यात पाठ झालं होतं. भात कालवता कालवता ते सांगत, "कॉम्प्रेसर कधी आपल्या मरणान मरणा नाय. तेका कोणतरी मारता." मग मारणारे कोण कोण ते यायचं. विजेचा दाब कमीजास्त झाला की आतली तांब्याची गुंडाळी जळते. वीज गेली आणि आल्या आल्या लगेच बटण दाबलं, की आधीचा दाब उतरलेला नसतो, बिचारा त्या ओझ्याखाली अडकतो. गॅस गळला तर तो थंड होत नाही आणि गॅस जास्त भरला तर त्याला पचत नाही. तेल आटलं तर हाडं घासतात. आणि समुद्राचा खारा वारा नळ्या खातो, हे तर आपल्याकडचं खास दुखणं. आई वाढता वाढता हूं हूं करत असायची. ती ऐकते आहे की भाताचा अंदाज घेते आहे, हे कळायला मार्ग नव्हता. आज माझ्या स्वतःच्या घरात दोन एसी आहेत, आणि ते साफ करायला येणारा मुलगा जेव्हा मला समजावून सांगायला लागतो की वीज आल्यावर जरा थांबा बरं का मॅडम, तेव्हा मला त्याला पेजेचं ताट वाढावंसं वाटतं.

बाबांचं खरं भाग्य उघडलं ते मिंगेलकाकांमुळे. मिंगेलकाका म्हणजे बंदराच्या बाजूला राहणारे फोटोग्राफर. गावातल्या सगळ्या लग्नांत वधूवरांइतकेच महत्त्वाचे. त्यांचे अर्धे नातेवाईक मडगावात, त्यामुळे नवं काही निघालं की ते आधी त्यांच्या कानावर यायचं. रंगीत फोटो आता इथेच धुवायचे असं त्यांच्या मनाने घेतलं. तोवर रंगीत फिल्म बाहेरगावी जायची आणि फोटो यायला इतका वेळ लागायचा की, त्यांच्या भाषेत सांगायचं तर, "व्हकलेच्या फोटवाआधी तिचा बाळ येता"; व्हकल म्हणजे नवरी. पण रंगीत फोटोची रसायनं फार नाजूक. खोली गरम झाली की चेहरे हळद लावल्यासारखे पिवळे, आणि दमट झाली की कागदाला बुरशी. म्हणून त्यांनी मडगावहून एक एसी आणला आणि तो बसवायचं काम बाबांना दिलं. त्यांच्या घरामागच्या काळोख्या खोलीची चिऱ्याची भिंत फोडून त्यात ते यंत्र बसवलं. अर्धं अंग खोलीत, अर्धं मागच्या पाणंदीत. रोझमावशीने, म्हणजे मिंगेलकाकांच्या बायकोने, आत मेणबत्ती लावली. आईने आग्रहाने बाहेर नारळ फोडला. दोन्हीकडचं सांभाळलं गेल्यावर बाबांनी बटण दाबलं. वैशाखातली दुपार होती. त्या दिवशी त्या एवढ्याशा काळोख्या खोलीत निम्मी गल्ली येऊन बसली होती, कोणी कोणाला दिसत नव्हतं आणि कोणी उठत नव्हतं.

त्या यंत्रावर सगळं अवलंबून होतं. तारकर्लीला एकजण पाहुण्यांसाठी खोल्या बांधत होता, त्याला एसी बसवायचे होते. ओरोसला नवी कचेऱ्यांची वस्ती होत होती, तिथून विचारणा आली होती. गावातले एक डॉक्टर आपल्या ऑपरेशनच्या खोलीसाठी मागे लागले होते. पण सगळ्यांचं एकच म्हणणं, मिंगेलाचं मशीन हा पावसाळा कसा काढतं ते बघू. आमच्याकडे चार महिने समुद्र अंगावर येतो, त्यात हे परदेशी नाजूक प्रकरण टिकेल यावर कोणाचा विश्वास नव्हता. टिकलं तर बाबा राहणार, नाही तर मस्कत. आणि तोवर माझं मत पार बदललं होतं. त्यांनी मला पेचकसाचं टोक चालत्या यंत्राला लावून मूठ कानाशी धरायला शिकवलं होतं, तसं धरलं की आतलं सगळं ऐकू येतं. कुठला फ्रीज समाधानात आहे आणि कुठला कण्हतो आहे हे मला ओळखता येऊ लागलं, आणि बरोबर ओळखलं की ते शाबास वगैरे काही न म्हणता शेजारच्यांना हाक मारून सांगत, "आमच्या शुभाक कान आसा." मला माझे वडील आवडायला लागले होते. इतकी वर्षं ते कुठे होते याचा थोडा रागही येत होता, आणि आता ते जाऊ नयेत म्हणून मी देवळात जाऊन, आयुष्यात पहिल्यांदा, परीक्षेखेरीज दुसऱ्या कशासाठी तरी नवस बोलले.

पाऊस सुरू झाला आणि मशीन बसलं. 'बसलं' हा मिंगेलकाकांचा शब्द. चालता चालता मध्येच खट्ट आवाज करून गप्प. निरोप आला तशी बाबा दुसऱ्या दिवशी सकाळी पेटी घेऊन गेले, मीही मागून गेले. बटण दाबलं, तर मशीन सुरू. दुपारपर्यंत आम्ही बसून राहिलो. एखाद्या शहाण्या मुलासारखं ते चालत होतं. रोझमावशीने इडलीसारख्या सांना आणि नारळाच्या रसातली सुक्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, आमटी जेवायला घातली, आणि आम्ही घरी आलो. दोन दिवसांनी पुन्हा निरोप, पुन्हा आम्ही गेलो, पुन्हा मशीन ठणठणीत. असं बरेचदा झालं. बाबांना बघितलं की ते चालायचं आणि त्यांची पाठ फिरली की रुसायचं. मिंगेलकाका म्हणाले, मेस्त्री, तुम्ही इथेच राहायला या, खोलीतल्या खोलीत खाट टाकून देतो.

बाबांनी आधी विजेवर संशय घेतला. आमच्याकडची वीज तेव्हा संध्याकाळी इतकी मंद व्हायची की दिवा लागलाय की नाही ते काडी ओढून बघावं लागे. त्यांनी दाब सांभाळणारी पेटी बसवली. मशीन बसायचं थांबलं नाही. मग त्यांच्या लक्षात आलं की वीज गेली आणि आली की मिंगेलकाकांना धीर निघत नाही, रसायनं बिघडतील म्हणून ते लगेच बटण दाबतात. बाबांनी बजावलं की निदान चारपाच मिनिटं थांबा. काळोख्या खोलीत घड्याळ कसं दिसणार? त्यावर रोझमावशीने उपाय काढला. वीज आली की तेर्साच्या, म्हणजे जपाच्या, माळेवरून प्रार्थनेचं एक आवर्तन पूर्ण करायचं आणि मगच बटण. त्या पावसाळ्यात वीज इतक्या वेळा गेली की मिंगेलकाका, जे एरवी रविवारीसुद्धा मागच्या बाकावर डुलक्या काढायचे, ते पाद्रींच्या मर्जीतले झाले. मशीन मात्र बसतच राहिलं. बाबांनी साबणाचा फेस लावून एकेक सांधा तपासला, गॅस कुठे गळत नव्हता. यंत्र आत ओढून मागची जाळी धुतली, ती स्वच्छ होती. भिंतीच्या भोकातून डोकं बाहेर काढून पाणंदीत बघितलं, तिथे काही आडवं नव्हतं, नुसता पाऊस. संध्याकाळी घरी येऊन ते खळ्याच्या पायरीवर बसून राहायचे आणि आई त्यांच्या हातात चहा द्यायची.

आषाढ सरता सरता एक दिवस ते यंत्र बसलं ते उठलंच नाही. बाबांनी उघडलं तर आतून जळका वास आला. गुंडाळी जळली होती. तो काळा गोळा गोणत्यात गुंडाळून ते कोल्हापूरला घेऊन गेले. तिथे असे गोळे कापून, नवी तार भरून, पुन्हा जोडून देत. घाटातून एसटीने, तो मांडीवर घेऊन. कंडक्टरने गोणत्यात काय विचारलं तेव्हा ते कॉम्प्रेसर म्हणाले, आणि त्या भल्या माणसाने आपली खिडकीची जागा त्यांना दिली, का ते मला अजून उलगडलेलं नाही. परत येऊन त्यांनी तो बसवला, नवा गॅस भरला, सगळं काटेकोर मापून बघितलं. आठवडाभर नीट चाललं. मग पाऊस वाऱ्यानिशी आला आणि निरोप आला, "मेस्त्रीक सांगा, मशीन बसला."

गावाने आपला निकाल दिला. कोणी म्हणे ती वस्तू वाळवंटातली, तिला आपलं पाणी मानवत नाही. कोणी म्हणे त्या पाणंदीतून देवचाराची, म्हणजे गावाच्या राखणदाराची, वाट जाते, त्याला विचारल्याशिवाय भिंत फोडलीत, मग दुसरं काय होणार. मिंगेलकाका आणि रोझमावशी कधी एका शब्दाने वाईट बोलली नाहीत, आणि त्याचंच बाबांना जास्त लागलं. तारकर्लीच्या माणसाने नुसते पंखे घेतले. डॉक्टर भेटले की पावसापाण्याचं बोलू लागले. एका रात्री जेवताना बाबा म्हणाले की थंय वाळवंटात माझ्या हातची मशीनं वर्षानुवर्षं चालतात, इथे माझा हात चालत नाही. आणि पुढे म्हणाले, "कंपनीक कळवतंय. चवथीच्या आधी जातलंय."

मी आईकडे बघितलं. ती म्हणाली, "तुमका बरा वाटात ता करा." आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांच्याबरोबर द्यायचा मसाला भाजायला घेतला. घरभर खकाणा उठला, आम्ही तिघंही शिंकत होतो आणि डोळे पुसत होतो, त्यामुळे कोणाच्या डोळ्यांत कशाने पाणी येतंय ते विचारायची सोय नव्हती. सोलां, म्हणजे आमसुलं, बांधली, गोलमो, म्हणजे सुका जवळा, बांधला, कुळीथ भाजून दळून आणला. तिचा मला इतका राग आला की मी तिच्याशी बोलणं टाकलं. एक शब्द बोलायला हिचं काय जातं, असं मला वाटत होतं. वय वाढल्यावर कळलं की तो शब्द बोलण्यात तिचं सगळंच जात होतं. ती राहा म्हणाली असती, ते राहिले असते आणि धंदा बुडाला असता, तर जन्मभर ती त्या शब्दाची धनी झाली असती. इतकी वर्षं एकटीने घर चालवलेल्या बाईला मागण्याची सवयच उरली नव्हती.

मध्ये नारळी पौर्णिमा आली. आमच्याकडे हा दिवस म्हणजे दिवाळीहून मोठा. समुद्राला नारळ दिल्याशिवाय होड्या लोटायच्या नाहीत, आणि दिल्यावर ताजी मासळी येणार या नुसत्या कल्पनेने गाव उजळलेलं असतं. बंदरावर नारळ लढवायचे खेळ रंगतात, समोरच्याचा फुटला की तो आपला. सकाळी नारळीभात खाऊन दुपारी आम्ही तिघं निघालो. बाबांनी मस्कतचा पांढरा सदरा घातला होता. पाऊस उघडला होता आणि मोठ्या रस्त्याला गर्दी होती, म्हणून बाबा म्हणाले पाणंदीने जाऊ. समुद्राकडे जायची ती जवळची वाट मिंगेलकाकांच्या घरामागून जाते. पावसाळ्यात समुद्रावर कोणाचं काही काम नसतं, त्यामुळे एरवी तिथे कुत्रंही फिरकत नाही. पुढे बाबा, मागे नारळ पदराखाली धरून आई, आणि तिच्यामागे मी, रुसलेली.

चालता चालता बाबा थबकले. त्यांनी मान तिरकी केली. मलाही ऐकू आलं. कुठेतरी एक यंत्र कण्हत होतं, धाप लागलेल्या माणसाने चढण चढावी तसं. बाबा भिंतीशी गेले. मिंगेलकाकांच्या घराची ती पश्चिमेची बाजू. आमच्याकडे पाऊस पश्चिमेने मारतो, म्हणून मिरगाच्या आधी घराच्या त्या अंगाला चुडतांचा, म्हणजे नारळाच्या विणलेल्या झावळ्यांचा, आडोसा बांधतात. गावात घर असं नसेल की ज्याला तो बांधलेला नाही. मिंगेलकाकांच्याही भिंतीला तो होता. फक्त तो भिंतीपाशी थांबला नव्हता. जिथे एसीची पाठ बाहेर आली होती तिथे दुहेरी चुडतां, त्यांच्या आत खताच्या गोणीचं जाड प्लास्टिक, आणि वरून काथ्याने आडवेतिडवे घट्ट वेढे. लेकराला कुंची घालावी तशा मायेने कोणीतरी ते यंत्र गुंडाळलं होतं. बाबांनी त्यावर हात ठेवला आणि चटका बसून मागे घेतला. ज्या अंगाने त्याने आतली सगळी गरमी बाहेर टाकायची, तेच अंग कोंडलं होतं.

आवाज ऐकून रोझमावशी मागच्या दारात आली. बाबांनी तिला अगदी हळू आवाजात विचारलं, ह्या कोणी बांधला? ती बिचारी अभिमानाने म्हणाली की मीच बांधलं, पाऊस लागल्यापासून बांधतेय. तुम्ही यायचा निरोप असला की सकाळीच सोडून ठेवते. मेस्त्री कामाला येणार, त्याला जागा मोकळी नको? वर ओली चुडतां अंगावर ठिबकली तर बरं दिसतं का? तुम्ही गेलात की परत बांधते, एक दिवस चुकवलेला नाही. मग ती आईकडे बघून हसली. "तुमच्याच बायलेन सांगितल्यान. बाजारात भेटली तेव्हा म्हणाली, रोझा, मशीन उघड्यार आसा, चार चुडतां बांध गो तेका."

आईचा चेहरा मी कधीच विसरणार नाही. ती भिंतीकडे बघत होती, बाबांकडे बघायचा तिला धीर होत नव्हता. जेवताना तुम्हीच म्हणाला होतात, ती पुटपुटली, खारो वारो मशीन खाता म्हणून. एवढे दिवस भात वाढता वाढता तिने ऐकलं होतं, सगळं ऐकलं होतं, आणि त्या सगळ्या मरणांपैकी तिला अडवता येईल असं जे एक होतं ते तिने अडवलं होतं. बाबांचं काम टिकावं म्हणून. बाबा राहावेत म्हणून. तोंडाने ती एक अक्षर बोलली नव्हती, पण बाजारात भाजी घेता घेता एवढं करून ठेवलं होतं.

बाबांनी कोयती मागितली नाही. हातांनीच काथ्या तोडला, चुडतां ओढून पाणंदीत टाकली, प्लास्टिक फाडलं. पांढऱ्या सदऱ्याची दशा झाली. यंत्राने गरम वाफेचा एक लोट त्यांच्या तोंडावर सोडला, आणि थोड्या वेळाने त्याचं कण्हणं थांबलं, सूर खाली आला, आणि ते आपलं साधं गुरगुरू लागलं. मिंगेलकाका ओले हात पुसत बाहेर आले होते. मला वाटलं आता बाबा चिडणार. कोल्हापूरची ती खेप, गावभरची नामुष्की, सगळं आता निघणार. पण बाबा पाणंदीच्या दगडी गडग्यावर बसले आणि हसायला लागले. इतके हसले की मिंगेलकाकाही हसू लागले, कशाला ते नीट न कळताच. मग बाबा शांत झाले आणि आईला म्हणाले, "चूक माजी. मशीन मरता कसा ता रोज सांगलंय, पण ता उसास खंयसून घेता ता कोणाकच सांगूक नाय."

आईने पदराखालचा नारळ एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "मगे आता सांगा," ती म्हणाली. "मस्कतात बसान माका काय सांगतलास? हंयच रवा."

रोझमावशी आत जायला वळली होती ती तिथेच उभी राहिली. माझा रुसवा कुठे गेला मला कळलं नाही, मला रडू येत होतं आणि मिंगेलकाकांसमोर ते दिसू नये म्हणून मी चुडतां गोळा करायला लागले. बाबा आईकडे बघत होते, ती खरंच इथे राहा म्हणाली का, याची खात्री नसल्यासारखे. मग म्हणाले, "बरा." उठले, सदरा झटकला, आणि आम्ही समुद्राला नारळ द्यायला गेलो.

पुढे तारकर्ली, ओरोस, शिरोड्यापर्यंत बाबांच्या हातचे एसी लागले. प्रत्येक ठिकाणी ते घरातल्या बाईला आधी बाहेर नेऊन यंत्राची पाठ दाखवायचे. पण ही सगळी नंतरची बढाई. मला सांगायचंय ते वेगळंच. बाबा थकले तेव्हा एकदा मी त्यांना विचारलं की त्या दिवशी आपण मोठ्या रस्त्याने गेलो असतो, चुडतां दिसलीच नसती, तर तुम्ही गेलाच असता ना? ते म्हणाले, मशीन चाललं काय नि बसलं काय, कोणी राहा म्हटलं असतं तर मी पहिल्या वर्षीच राहिलो असतो. दर खेपेला निघताना उंबरठ्यावर थोडा रेंगाळायचो, ती म्हणते का बघायचो.

हे मी स्वयंपाकघरात जाऊन आईला जसंच्या तसं सांगितलं. ती मासे साफ करत होती. तिने मान वर केली नाही. "मगे इचारूक काय झाला होता?" ती म्हणाली, आणि कितीतरी वेळ ती एकच बांगडा धूत राहिली.